मापात पाप



आपण मला या परिषदेच्या अध्यक्षस्थानी बसविलेत, याबद्दल मी ऋणी आहे. अध्यक्षाने वर्षभरातील तत्त्वचिंतनाचे सिंहावलोकन करावे असा रिवाज आहे. परंतु ते छापील अहवालात सविस्तर आलेले असल्यामुळे, आणि माझ्या मनात एक तक्रार वीस वर्षे तुंबून राहिलेली असल्यामुळे, त्या रिवाजातून मला सूट असावी.

तक्रार अशी की, नीतिमूल्यांचे स्वरूप शोधावयास निघालेली आपण मंडळी 'चांगले' हा एकच निस्तेज शब्द धरून बसलो आहोत. इंग्रज तत्त्वज्ञांपैकी मूर यांनी १९०३ मध्ये ते पिवळ्या रंगासारखे निरवयव व अव्याख्येय ठरविले, एअर यांनी १९३६ मध्ये त्याला भावनेचा उद्गार म्हटले, हेअर यांनी १९५२ मध्ये त्यात आदेश पाहिला. आणि काल आपले तरुण मित्र, मूल्य वस्तूत की मनात, या वादात पाने वाढली तरी उठेनात. मी मागच्या रांगेत एका उत्तरपत्रिकेचे स्मरण करीत बसलो होतो.

एका विद्यापीठाचा परीक्षक असताना ती माझ्या हाती आली. मूर यांचे नाव त्यात एकदाच, तेही ऱ्हस्व 'मु' काढून, लिहिलेले; पण मुलगा मापाड्याचा होता. त्याने लिहिले होते की, पायलीचा काठ धरताना चार बोटे आत राहिली की तेवढे धान्य कमी बसते, वरची शीग मात्र पुरी दिसते, आणि याला बाजारात 'मापात पाप' म्हणतात. बोटे जशी पायलीतून वेगळी काढून दाखविता येतात तसे ते पाप कोणी काढून दाखवावे, म्हणजे ते वस्तूत ठेवावयाचे की मनात, हे ठरविता येईल. मी वीसपैकी चौदा गुण दिले. फेरतपासणीत 'विषयांतर' असा लाल शेरा पडून त्यांचे चार झाले. माझा तीन पृष्ठांचा खुलासा दप्तरात रुजू झाला, तो आजतागायत तेथेच आहे.

आता हेअर यांचे अनुयायी म्हणतील, बोटे हे वर्णन आणि पाप हे मूल्यमापन, दोन्ही निराळी करता येतात. त्यावर एक प्रसंग सांगतो. कोशावरून मराठी शिकलेले एक परदेशी विद्वान एकदा आमच्याकडे जेवावयास होते. 'लोचट' म्हणजे नको म्हटले तरी पाठ न सोडणारा, एवढे त्यांनी टिपून ठेवले होते. मातोश्रींनी तिसरी पुरणपोळी वाढताच ते हात जोडून म्हणाले, "आपण फार लोचट आहात." वर्णन बिनचूक होते! आग्रह आणि लोचटपणा यांतला भेद ज्याला जाणवत नाही, त्याला तो शब्द पुढे कोठे लावावा हेच उमगत नाही. मग वर्णन आधी आणि मूल्य मागाहून, हा हिशेब जमावयाचा कसा? मातोश्री हसल्या, आणि त्यांनी चौथी वाढली.

म्हणून लबाड, कृतघ्न, निगरगट्ट अशा शब्दांचा एक विवेचक कोश परिषदेने सिद्ध करावा. खर्च, संपादक व मुदत कार्यकारी मंडळाने ठरवावी. मी काही टिपणे आणली आहेत. 'सोशीक' या शब्दाशी मात्र माझी पंचाईत झाली आहे. त्यातही वर्णन आणि स्तुती अशीच एकजीव आहेत, आणि तोच शब्द लावून आमच्या घराने मातोश्रींना चाळीस वर्षे चुलीच्या धुरात बसविले. ते टिपण मी चार वेळा लिहावयास घेतले. अद्याप पुरे झालेले नाही.