गृध्रसी : कमरेंतून निघणारी कळ

खालीं वाकून पाण्याची बादली उचलतांना कमरेंत चमक निघावी, ‘उसण भरली’ म्हणून घरांत शेकाची तयारी व्हावी, आणि दोन दिवसांनीं तीच कळ कुल्ल्यांतून मांडीच्या मागल्या बाजूनें पोटरीपर्यंत धांवत जावी, हा अनुभव पुष्कळ घरांना आहे. उसण कमरेपुरती राहते. गुडघ्याखालीं उतरणारी कळ निराळ्या जातीची. तिला सायटिका म्हणतात. आयुर्वेदांतील तिचें नांव गृध्रसी. गृध्र म्हणजे गिधाड. रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हें नांव, असें सांगतात. असा रोगी जिना उतरतांना ज्यानें पाहिला असेल, त्याला हें नांव देणाऱ्याच्या दृष्टीचें कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं.

मांडीमागून जाणारा हा मज्जातंतु शरीरांत सर्वांत जाड आहे. दोन मणक्यांमध्यें एक चकती असते. बाहेरून चिवट वेटोळीं, आंत मऊ गर. वेटोळें फाटून गर बाहेर आला, कीं मज्जातंतूचें मूळ दाबलें जातें व सुजतें. ही गोष्ट १९३४ सालीं बोस्टन येथील मिक्स्टर व बार ह्या दोघां शल्यवैद्यांनीं स्पष्ट करून दाखविली. दरवाज्यावरची दोरी ओढली तर घंटा आंत माजघरांत वाजते, तसेंच हें. दुखतें पोटरींत, खोड असते कमरेंत. म्हणून नुसती पोटरी रगडणें व्यर्थ होय.

आतां मणके ‘बसविणाऱ्या’ उपचाराकडे वळूं. कायरोप्रॅक्टिक नांवाच्या ह्या पद्धतीचा उगम अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत, डॅव्हनपोर्ट गांवीं, १८९५ सालीं झाला. डॅनिएल डेव्हिड पामर ह्यानें एका बहिऱ्या झाडूवाल्याचा मणका दाबून त्याला ऐकूं येऊं लागलें असें सांगितलें, आणि बहुतेक रोगांचें मूळ सरकलेल्या मणक्यांत आहे असा सिद्धांत मांडला. कानाचा मज्जातंतु पाठीच्या कण्यांतून जातच नाहीं, ही अडचण त्यास जाणवली नसावी! उपचाराच्या वेळीं होणारा ‘कट्’ आवाजही हाड जागेवर बसल्याचा नव्हे; तो सांध्यांतील द्रवामधल्या वायूच्या घडामोडीचा असतो.

परंतु सिद्धांत चुकला म्हणून हात निरुपयोगी ठरत नाहीं. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या इटलींतील प्रयोगांत चकती सरकलेल्या १०२ रोग्यांपैकीं ज्यांवर खरा उपचार झाला, त्यांतील अधिकांची वेदना नुसतें सोंग केलेल्यांपेक्षां थांबली. इंग्लंडच्या २०१६ मधील मार्गदर्शनानें हस्तोपचारास वाव दिला, पण व्यायामाच्या जोडीनेंच. आपल्याकडे ह्या पद्धतीस डॉक्टरांच्यासारखी कायदेशीर परिषद नाहीं; म्हणून पाटी वाचून पाठ सोंपविण्यापूर्वीं शिक्षण कोठें झालें तें विचारण्यांत संकोच कसला?

शिवाय एक गोष्ट विसरतां कामा नये. १९९९ सालीं हॉलंडमध्यें १८३ रोग्यांपैकीं अर्ध्यांना दोन आठवडे अंथरुणांत ठेवलें, बाकीच्यांना हिंडूंफिरूं दिलें. बारा आठवड्यांनीं दोन्हींकडे शेंकडा ८७ जणांस बरें वाटत होतें. म्हणजे फळीवर पडून राहण्याचा जुना हट्ट फुकटचा. आणि सहाव्या आठवड्यांत ज्याचा हात पाठीवर असेल, त्याच्या पदरांत यश आयतें पडतें. वैद्य, मालीशवाला, कायरोप्रॅक्टर, सगळ्यांचीच कीर्ति अशी कांहीं अंशीं काळानें वाढविलेली असते. तोंवर सोसवेल तितकें चालावें, एका जागीं फार वेळ बसूं नये, वेदनाशामक औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्यावें.

मात्र काळावर सोंपवूं नये अशीं लक्षणें आहेत. पूर्वीं कर्करोग झालेला, हाडें ठिसूळ झालेलीं, ताप किंवा अकारण वजन घटणें, अशा माणसाच्या मणक्यांना तपासणीवांचून झटका देऊं नये. पाऊल वर उचलेना, चप्पल पायांतून निसटूं लागली, तर लौकर डॉक्टरांस दाखवावें. आणि दोन्ही पाय लुळे पडूं लागले, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली अथवा नकळत होऊं लागली, तर लाजेनें तें लपविणारे रोगी, विशेषतः वडील मंडळी, पुष्कळ असतात. घरच्यांनींच स्पष्ट विचारावें. तेव्हां पाठ कोणाच्याहि हातीं न देतां त्याच रात्रीं मोठें रुग्णालय गांठावें, कारण दाब काढण्यास उशीर झाला तर गेलेला ताबा पुष्कळदां परत येत नाहीं.