मिरचीचे माहेर आणि वीस देशांची एक भाषा

(सिल्लोड येथील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आपला सिल्लोड तालुका मिरचीचा, मक्याचा आणि कापसाचा. हंगामात शिवन्याच्या बाजारात मिरचीचे ढीग लागतात. ही मिरची मूळची कुठली, असे आम्ही विचारले तर तुम्ही म्हणाल, "गुरुजी, हे काय विचारणं झालं? मिरची आपलीच की!"

आज ती आपली आहे खरी. पण अजिंठ्याची लेणी कोरली गेली तेव्हा या मुलखात मिरचीचे एक रोपही नव्हते. ज्ञानेश्वर महाराजांच्या काळीही नव्हते. मका नव्हता, बटाटा नव्हता, टोमॅटोही नव्हता. कालवणात तिखटपणा येई तो मिऱ्यांचा. मिऱ्यासारखी तिखट, म्हणून ती मिरची.

ही पिके सात समुद्रांपलीकडून आली. ज्या मुलखातून ती आली, तिथे आज बहुतेक ठिकाणी स्पॅनिश भाषा बोलतात. आज त्या देशांची ओळख करून घेऊ.

स्पेन हा युरोपातला देश. त्याची राजधानी माद्रिद. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीच्या मदतीने कोलंबस गलबते घेऊन निघाला. त्याला यायचे होते आपल्याकडे. पोहोचला मात्र अमेरिकेजवळच्या बेटांवर. त्याच्या मागोमाग स्पेनचे शिपाई गेले. मेक्सिकोत तळ्याच्या मधोमध एक मोठे शहर वसले होते. १५२१ साली त्यांनी ते जिंकले, मोडले आणि त्याच जागी नवे शहर बांधले. तीच आजची राजधानी, मेक्सिको सिटी.

पुढे सुमारे तीनशे वर्षे तिथे स्पेनचे राज्य चालले. तिथल्या लोकांच्या जमिनी गेल्या. देवीसारख्या रोगांनी लाखो माणसे दगावली. सरकारी कामाची भाषा स्पॅनिश झाली. पुढे ते राज्य गेले, पण भाषा राहिली. आज वीस देशांचा कारभार त्या भाषेत चालतो. एक देश युरोपात, एक आफ्रिकेत आणि बाकीचे अठरा अमेरिका खंडात. पन्नास कोटींच्या आसपास लोकांची ती मायबोली आहे.

वीसच्या वीस नावे आज पाठ करू नका. थोडी लक्षात ठेवा.

पेरू देशाची राजधानी लिमा. बटाटा पहिल्याने पिकला तो या भागातल्या डोंगरांत.

क्युबाची राजधानी हवाना. कोलंबियाची बोगोता.

चिली देशाची राजधानी सांतियागो. नाव ऐकून मिरची आठवेल, पण या नावाचा मिरचीशी काही संबंध नाही बरं का!

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयरेस. या नावाचा अर्थ चांगली हवा. नाव मोठे आहे. तोडून वाचा: ब्यु-नोस आय-रेस. जमले की नाही?

बोलिव्हियाची गंमत वेगळी. कायद्याने राजधानी सुक्रे, पण सरकार बसते ला पाझ शहरात. हे शहर सुमारे ३६०० मीटर उंचावर आहे. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच जागी माणसे संसार करतात!

पॅराग्वेची राजधानी असुन्सिओन. तिथे स्पॅनिश आली, तरी लोकांनी आपली जुनी ग्वारानी भाषा सोडली नाही. आज दोन्ही भाषांना सरकारी मान आहे.

शेजारच्या ब्राझीलमध्ये मात्र पोर्तुगीज बोलतात. गोव्यावर १९६१ सालापर्यंत ज्यांचे राज्य होते, तेच हे पोर्तुगीज. मिरची आपल्या किनाऱ्यावर आणली ती त्यांनीच.

आता पुन्हा मेक्सिकोत जाऊ, कारण मक्याचे माहेर तिथे आहे. तिथल्या बाया मका चुन्याच्या पाण्यात उकळून भिजत ठेवतात. मग दगडावर वाटतात, पातळ थापतात आणि तव्यावर भाजतात. आपल्या भाकरीची बहीणच ती!

या मक्याच्या देशात आपला एक मराठी माणूस गुरुजी झाला होता. त्यांचे नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे. जन्म वर्ध्याचा, १८८४ सालचा. देश स्वतंत्र करायचा म्हणून ते गदर पक्षात शिरले. मग इंग्रजांच्या राज्यात परतणे म्हणजे तुरुंग. ते मेक्सिकोत गेले. चापिंगो येथील शेतकी विद्यालयात त्यांनी शिकवले आणि मक्याचे चांगले वाण काढण्यासाठी खटपट केली.

त्याहून मोठे काम पुढेच आहे. मेक्सिकोतला गरीब शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबला होता. १९१० साली तिथे क्रांती सुरू झाली. त्यानंतर जमिनी त्याच्या हाती येऊ लागल्या. पण नुसती जमीन मिळून भागते का? खत कोणते, बी कोणते, हे कळायला हवे. खानखोज्यांनी त्या शेतकऱ्यांसाठी शेतीच्या शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको सिटीत, शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांचे चित्र काढले. देश स्वतंत्र झाल्यावर खानखोजे परत आले. १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले.

मंडळी, तुमचा वर्ग आणि त्या शाळा यांचे नाते जवळचे आहे. जमीन कसणाऱ्याला वाचता आले नाही, तर दुसरा सांगेल ते बी तो पेरतो आणि दुसरा सांगेल त्या कागदावर अंगठा उठवतो. आता तुमचे तसे नाही. यंदा मक्याची पिशवी आणाल तेव्हा तिच्यावरचे वाणाचे नाव, तारीख आणि किंमत स्वतः वाचा. पावती मागून घ्या, तीही वाचा आणि जपून ठेवा.

आणि आज घरी जाण्याआधी या भिंतीवरच्या नकाशापाशी या. लिमा शोधा. दोनच अक्षरे आहेत.