विभावरी शिरूरकर : नांव आणि लेखन

हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. त्याच नामदेवांच्या घरीं दळणकांडण करणारी गंगाखेडची जनाबाई स्वतःची ओळख ‘नामयाची दासी’ अशी करून देई. नामदेवांच्या नांवाला आपलें नांव जोडून तिनें मराठींत मन मोकळें केलें. पुढें शेंकडों वर्षें लोटलीं. तरी स्त्रीनें आपलें अंतरंग कोणत्या नांवाखालीं उघडें करावयाचें, हा प्रश्न कांहीं सुटला नव्हता. १९३३ सालीं एका लहानशा कथासंग्रहानें तो पुन्हां उभा केला. संग्रहाचें नांव ‘कळ्यांचे निःश्वास’. लेखिका विभावरी शिरूरकर.

घरच्या उपवर, शिकलेल्या मुलीच्या मनांत काय चाललें आहे, हें पांढरपेशा समाजाला या पुस्तकानें रोखठोक सांगितलें. हुंड्यापायीं अडलेलीं लग्नें त्यांत होतींच. याहून बोचणारी गोष्ट अशी कीं, मुलीच्या पगारावर घर चालूं लागलें म्हणजे तिच्या लग्नाची घाई कोणालाच उरत नाहीं! तरुण मुलीच्या शरीरालाही ओढ असते, हें तर उघड बोलण्याची सोयच नव्हती. पुस्तकावर वादळ उठलें. कुलीन स्त्री असें लिहीलच कशी, हा कोणी पुरुष असला पाहिजे, असाही तर्क लढविण्यांत आला.

विभावरी म्हणजे रात्र. त्या रात्रीआड होत्या १९०५ सालीं जन्मलेल्या बाळूताई खरे. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेंत शिकलेल्या आणि पुढें शिक्षिका झालेल्या. याच बाईंनीं ‘अलंकार-मंजूषा’ हा ग्रंथ आणि एका सहलेखकासमवेत ‘हिंदु व्यवहार धर्मशास्त्र’ स्वतःच्या नांवानें लिहिलें होतें. काशीबाई कानिटकर तर त्यांच्या कितीतरी आधीं उघड नांवानें कादंबरीकार झाल्या होत्या. तेव्हां स्त्रीनें लेखणी हातीं धरणें ही अडचण नव्हती. तिनें काय लिहावें, ही होती. अलंकारशास्त्र चालत होतें, कायदा चालत होता. परंतु मुलींना शिकविणाऱ्या अविवाहित बाईनें अविवाहितेचें मन लिहिणें चालण्यासारखें नव्हतें.

‘हिंदोळ्यावर’ या कादंबरींत ही धिटाई आणखी पुढें गेली. नवऱ्यापासून दुरावलेल्या अचलेला प्रेम हवें आहे आणि मूलही हवें आहे. त्या काळीं पांढरपेशा हिंदु विवाहितेला घटस्फोटाची वाट नव्हती. मुंबई प्रांतांत तसा कायदा झाला तो १९४७ सालीं. धर्मशास्त्राचा अभ्यास केलेल्या लेखिकेला ही कोंडी कल्पनेनें रचावी लागली नाहीं. ‘विरलेलें स्वप्न’ हें त्या मानानें फिकें.

१९३८ सालीं विश्राम बेडेकरांशीं विवाह होऊन त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. सोलापुरास, गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या वसाहतींत, त्यांनीं अधिकारी म्हणून काम केलें होतें. त्या अनुभवांतून १९५० सालीं ‘बळी’ ही कादंबरी निघाली. जन्मावरूनच माणसाला गुन्हेगार समजणारा कायदा १८७१ सालचा. तो उठला १९५२ सालीं. म्हणजे तारेच्या कुंपणाआडचीं हीं माणसें वाचकांपुढें आलीं तेव्हां कुंपण अद्याप उभेंच होतें. लेखिकेच्या सर्व लेखनांत हीच कादंबरी अधिक कसदार म्हणावी लागेल. पहिल्या पुस्तकांतील मुली तिच्या स्वतःच्या वर्गांतल्या होत्या. येथें ती त्या वर्गाबाहेर गेली, आणि तरीही परक्यांवर दया दाखविण्याचा मोह तिनें टाळला.

पुढें ‘खरेमास्तर’मध्यें त्यांनीं आपल्या वडिलांचें जीवन रंगविलें. १९८१ सालीं मुंबईंत भरलेल्या समांतर साहित्य संमेलनाचें अध्यक्षस्थान मालतीबाई बेडेकरांकडे आलें. २००१ सालीं त्या निवर्तल्या. टोपणनांवाचें गुपित तोंवर केव्हांच फुटलें होतें; कादंबऱ्यांवर मात्र विभावरी शिरूरकर हेंच नांव छापलें जात राहिलें.