दिले कशासाठी?



आजचा विषय दूरदेशीचा वाटेल. पण आपल्यांपैकी कित्येकांचे आप्त ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत, तेव्हा तो घरचाही आहे.

दिल्याची मोजदाद करू नये, अशी आपली शिकवण. ब्रिटनचा कायदा मात्र ती करतो. तेथील सरकारी साहाय्यापैकी काही साहाय्य माणसाची मिळकत व शिल्लक पाहूनच मिळते. काम करण्याच्या वयातील माणसांसाठी 'युनिव्हर्सल क्रेडिट' आहे. शिल्लक १६,००० पौंडांवर गेली की ते मिळत नाही. वृद्धांसाठी 'पेन्शन क्रेडिट' आहे. त्यात १०,००० पौंडांवरील दर ५०० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरतात.

समजा, तेथे राहणाऱ्या एका वृद्ध मावशींजवळ ३०,००० पौंड आहेत. त्यांतले २५,००० त्यांनी भाच्याला घरासाठी दिले आणि पुढे पेन्शन क्रेडिटचा अर्ज केला. अधिकारी विचारणार, 'पैसे कशासाठी दिलेत?' साहाय्य मिळावे किंवा वाढावे हा देण्यामागचा एक प्रमुख हेतू ठरला, तर ते पैसे मावशींपाशीच आहेत असे मानले जाते, आणि त्यांच्या नावे आठवड्याला ४० पौंडांचे कल्पित उत्पन्न मांडले जाते. पैसा भाच्याच्या भिंतींत गेला आणि हिशेब मात्र मावशींच्या माथी राहिला!

'सात वर्षे लोटली की कोणी विचारत नाही,' असे पुष्कळ लोक सांगतात. तो नियम वारसा-कराचा. येथे तशी ठरावीक मुदत नाही.

हा कायदा निर्दय आहे काय? १९३१ साली तेथे याहून कठोर चौकशी सुरू झाली होती. मुलाची कमाई बेकार बापाच्या नावे धरीत. त्यापायी मुले घर सोडून जात. १९४१ साली ती पद्धत गेली. आजचा कायदा देण्यास मनाई करीत नाही. तो हेतू विचारतो. सार्वजनिक निधी सर्वांच्या घामाचा आहे, तेव्हा हा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो.

रास्त प्रश्नाला उत्तर मात्र तयार हवे. म्हणून आमचे सांगणे एवढेच : पैसे कोणाला, केव्हा, कशासाठी दिले, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. अर्जात देणगी लपवू नका. खरे कर्ज फेडले असेल तर पावती जपा; कर्जफेड युनिव्हर्सल क्रेडिटच्या नियमांत दोषाची मानली जात नाही. निर्णय चुकीचा वाटला तर फेरविचार मागता येतो, आणि त्यापुढे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपीलही करता येते.

आणि येथे बसलेल्या भाच्यांनो, मावशीकडून रक्कम घेण्यापूर्वी तिला एकदा विचारा, 'तुला पुढे पुरेल ना?' या हाताचे त्या हाताला कळू नये, हे खरे. पण देणाऱ्याच्या उतारवयाचे घेणाऱ्याला कळलेच पाहिजे.