ओल्या चुन्यातला ठसा



दहावीचा निकाल लागतो त्या दुपारी आपल्या मोबाइलवर काय काय येतं, ते आठवून बघा. कोकण विभाग २०१२ पासून दहावीच्या निकालात राज्यात पहिला येतोय. २०२५ साली तर ९८.८२ टक्के मुलं पास झाली. आनंद व्हायलाच हवा. आमच्या कसाल गावच्या तिठ्यावर पेढे वाटले जातात आणि घराघरांतून एक फोटो स्टेटसला चढतो. गुणपत्रिकेचा. मुलीचं पूर्ण नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक, सगळं स्वच्छ वाचता येतं. आता बघा, मंडळाचा निकाल ऑनलाइन पाहायला काय लागतं? बैठक क्रमांक आणि आईचं नाव. एवढंच. दोन दिवसांनी एखादा गोड आवाज फोनवर म्हणतो, "ताई, तुमच्या मुलीला गणितात इतके गुण पडलेत ना, तिची शिष्यवृत्ती मंजूर झालीय, आलेला ओटीपी सांगा." आईला वाटतं, एवढी माहिती आहे म्हणजे माणूस सरकारी खात्यातलाच असणार.

इंटरनेटवरची ही खूण मुलीने सोडलेली नाही. ती आपण सोडली, तिला न विचारता. ऑनलाइन सावधपणा मुलांना शिकवा असं सगळेच सांगतात, मीही आज तेच सांगायला बसले आहे. पण सुरुवात मुलांपासून करू नका. बारशाचा, शाळेच्या पहिल्या दिवसाचा, गणवेशावरच्या शाळेच्या नावासकट, तापाने फणफणलेल्या लेकराचा दवाखान्यातला, हे सगळे फोटो मुलाच्या हातात फोन येण्याआधीच आपण लोकांसमोर ठेवलेले असतात.

आपल्यापैकी बहुतेकांनी मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा पाहिला असेल. शाळेच्या सहलीत मास्तर तिथे हमखास थांबवतात. चुना ओला असताना ठसा उमटतो आणि वाळला की तसाच राहतो. आपण इंटरनेटवर जे टाकतो त्यालाही असाच थोडा वेळ ओलावा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी पुसायला साधारण अडीच दिवस मिळतात. पण तेवढ्यात कोणी त्याचा स्क्रीनशॉट घेतला असेल, तर चुना वाळला म्हणून समजा.

मागच्या वर्षी इथल्याच एका शाळेत नववीच्या मुलांना मी एक काम दिलं. म्हटलं, माझं नाव तुम्हाला माहीत आहे. दोघादोघांनी एका संगणकावर बसा आणि वीस मिनिटांत माझ्याबद्दल जे सापडेल ते कागदावर लिहा. कोणाचं खातं उघडायचं नाही, पासवर्ड शोधायचे नाहीत. सगळ्या जगाला जे दिसतं तेवढंच. एका जोडीने माझ्या बहिणीच्या फेसबुकवरून माझा वाढदिवस काढला. दुसऱ्या जोडीला तुळशीच्या लग्नाच्या फोटोत मागे उभी असलेली स्कूटर दिसली, त्यांनी तिचा नंबर टिपला. एका मुलाने घरामागच्या टेकडीवरचा टॉवर ओळखून थेट वाडी सांगितली. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मे म्हयन्यात धा दिवस तुमी घराक नव्हतास." मी जोतिबाच्या पायऱ्यांवरून त्याच दिवशी फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, दहा दिवस सुट्टी.

वर्ग एकदम गप्प झाला. मी काही उपदेश केला नाही, त्याची गरजच नव्हती. यातली एकेक गोष्ट अगदी साधी आहे, लपवण्यासारखी नाही. पण वाढदिवस, गाडीचा नंबर, वाडी आणि बंद घराच्या तारखा एका कागदावर आल्या की एक अख्खा माणूस अनोळखी डोळ्यांपुढे उभा राहतो. दुसऱ्या दिवशी तीन मुली स्टाफरूमच्या दाराशी आल्या. खातं खाजगी कसं करायचं, हे त्यांना विचारायचं होतं. हा खेळ घरी खेळा. मुलाला सांगा, आधी माझ्याबद्दल काय सापडतं ते शोध. आईबाबांच्या खुणा शोधायला मुलांना भारी हुरूप येतो, आणि त्या शोधताना स्वतःच्या खुणा त्यांना आपोआप दिसू लागतात.

एवढीशी खूणही किती दूर जाते, यासाठी पालघरची गोष्ट इथे सांगायला हवी. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर जो बंद झाला, त्याबद्दल तिथल्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या फक्त लाइक केल्या. दोघींना अटक झाली. मजकूर काढला, माफी मागितली, तरी गोष्ट देशभर गेली. त्या प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ हे कलमच रद्द केलं. त्या अटका चुकीच्या होत्या, हे मी मुलांना ठामपणे सांगते. तोंड बंद ठेवा, असा धडा यातून कोणी देऊ नये. पण अंगठ्याचा एक स्पर्शही आपल्या नावावर नोंदला जातो आणि काढून टाकलेलं पुसलं जातंच असं नाही, एवढं त्यांना माहीत असायला हवं.

मग मोबाइलच काढून घ्यावा का? यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावच्या ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली. त्याच वर्षी सांगलीतल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद होऊ लागले. वडगावचं मला जास्त पटतं, कारण तिथे मोठेही आपला मोबाइल बाजूला ठेवतात. तरीही बारावीनंतर आपली मुलं कोल्हापूर, पुणे, मुंबईला जातात. तिथे भोंगा वाजत नाही. तिथे कामाला येतं ते त्यांना स्वतःला कळलेलंच.

आणखी एक चूक आपण हौसेने करतो. इन्स्टाग्रामला तेरा वर्षं पूर्ण लागतात, म्हणून दहा वर्षांच्या मुलाचं जन्मसाल बदलून खातं आपणच उघडून देतो. फेब्रुवारी २०२५ पासून भारतात किशोरवयीनांची खाती आपोआप खाजगी ठेवली जातात आणि अनोळखी माणसांचे मेसेज त्यांच्यापर्यंत येत नाहीत. पण तुम्ही मुलाला वीस वर्षांचं दाखवलंत, तर हे कुंपण त्याच्याभोवती उभंच राहत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई करणारी तरतूद आहे. तीही खऱ्या वयावरच उभी आहे.

जुना मोबाइल नंबर हीही एक खूणच. आपल्याकडे बरेच जण सिमकार्ड बदलतात, विशेषतः मुंबईहून गावी परतणारे. सोडलेला नंबर नव्वद दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो. म्हणून नंबर सोडण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपचं खातं काढा आणि बँकेत नवा नंबर नोंदवा. नातवाला बसवून हे काम करून घ्या, त्यालाही शिकायला मिळेल.

आता जे सांगणार आहे ते घाईने सांगायचं नाही. एखाद्या मुलीचा किंवा मुलाचा खाजगी फोटो कोणी पसरवायची धमकी देत असेल, तर त्या मुलाला सर्वात जास्त भीती त्या धमकी देणाऱ्याची नसते, तुमची असते. बाबा मारतील, शाळा बंद होईल, फोन जाईल, या भीतीने मुलं पैसे पाठवत राहतात आणि एकटी पडतात. आजच मुलाला सांगून ठेवा, काहीही झालं तरी आधी माझ्याकडे ये, मी ओरडणार नाही. आणि तो दिवस आला तर हा शब्द पाळा. धमकीच्या चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, पैसे देऊ नका. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. फोनमध्येच त्याचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो, आणि त्या ठशावरून फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या तो फोटो शोधून काढून टाकतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते.

कागद-पेन घ्या आणि दोन क्रमांक फोनजवळ लिहून ठेवा. ऑनलाइन पैसे गेले तर लगेच, त्याच तासाला, १९३०. मूल कोणत्याही संकटात असेल तर चोवीस तास, १०९८.