गुरुजींच्या हाती चित्रांचं पुस्तक
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी मागावरचा कामगार. शाळा सातवीला सुटली, पुढचं शिक्षण वाचनालयात झालं. तेव्हा गुरुजनांना शिकवायला मी उभा नाही. त्यांना आपण मदत कशी करायची, एवढंच बोलणार आहे.

प्राथमिक शाळेत एकच बाई भाषा शिकवतात, गणितही आणि परिसर अभ्यासही. काहींचं स्वतःचं विज्ञान दहावीलाच सुटलेलं. पोरगं विचारतं, पीळ दिल्यावर धागा मजबूत का होतो? उत्तर सुचत नाही, मग "गप्प बस" होतं. अशा ठिकाणी चित्रांचं पुस्तक कामी येतं. त्यात मजकूर थोडा नि विचारायला जागा भरपूर.

रूपा पै यांचं मुत्तज्जीच्या वयावरचं पुस्तक आहे, प्रथम बुक्सचं. मुत्तज्जी म्हणजे कानडीत पणजी. तिचं नेमकं वय कुणाला ठाऊक नाही. पतवंडं जुन्या घटनांवरून हिशोब लावतात. हे वाचून झालं की पोरांना घरच्या आजीकडे धाडा. एखादी आजी सांगेल, नागपूरला दीक्षा झाली तेव्हा मी 7 वर्षांची होते. 1956 मधून 7 गेले, म्हंजे जन्म 1949 चा. वजाबाकी झाली, इतिहास झाला, आजीचा मानही राहिला.

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी नि गणित एकत्र शिकवण्याला हल्ली स्टेम म्हणतात. शब्द नवा आहे, पण ही चारही शेलारच्या गल्लीत रोज खडखडत असतात. समजा, माग मिनिटाला 120 पीक टाकतो नि कापडात इंचाला 60 पीक आहेत. तर मिनिटाला 2 इंच कापड, नि 36 इंचांच्या एका वाराला 18 मिनिटं. पुठ्ठ्याला खाचा पाडून उभे धागे ताणा, आडवा धागा एक वर एक खाली घाला. धागा सैल पडला तर काय होतं, ते पोरं स्वतः बघतील. मग त्यांनीच चित्रं काढून मागाचं पुस्तक करावं.

हे खर्चिक नाही. पुण्याच्या टेल्कोतले अभियंते अरविंद गुप्ता 1978 साली रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेले. आगपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, एवढ्यातून त्यांनी आकार जोडून दाखवले. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. तो कार्यक्रम सहावी ते आठवीचा, 1972 साली 16 शाळांत सुरू झाला, 2002 साली सरकारने बंद केला. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. शिक्षकांना नुसतं पुस्तक देऊन सोडलं नाही. आधी त्यांनी स्वतः प्रयोग केले, मग दर महिन्याला एकत्र बसून अडचणी मांडल्या.

आमच्याकडे उलटं होतं. एका शाळेत, नाव घेत नाही, चित्रांची नवीन पुस्तकं मी कुलुपात पाहिली. का, तर पोरं फाडतील. बांधवांनो, फाटलेलं पुस्तक खळीने चिकटवता येतं. न उघडलेल्या पुस्तकाला काय चिकटवणार?

महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मागितलं होतं, की नांगर नि सुताराचं हत्यार हाती धरायला लाजणार नाही असा शिक्षक द्या. आज त्या शिक्षकाशेजारी आपणही उभं राहिलं पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी मागतो. एक, विहारात चित्रांच्या पुस्तकांची पेटी ठेवू, ती शाळेत फिरू द्या. दोन, महिन्यातून एक रविवार गुरुजनांनी इथे बसून आधी स्वतः करून बघावं. तीन, आपल्यातल्या फिटरने, कांडीवाल्या बाईने वर्गात जाऊन आपलं काम दाखवावं. आपल्या आईच्या हातात गणित आहे, हे लेकराला वर्गात कळलं, की ते फळ्यापुढे मान खाली घालणार नाही.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जय भीम.