कडव्यात राहून गेलेलं नाव



आपल्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत यंदा लावणी, नाटिका आणि कोळीगीत यांच्या पंगतीला 'रॅप' हा शब्द बसलाय. पुढं सादर करणाऱ्या मुलांची नावं छापली आहेत. गाणं लिहिलं कुणी, ताल बांधला कुणी, हे मात्र पत्रिकेत कुठंच नाही. जागा एवढीशीच, पण तिच्यामागं पंचेचाळीसहून अधिक वर्षांची हकीकत आहे. ती अमेरिकेतून येते, मुंबईच्या गल्ल्यांतून जाते आणि आपल्या पलूसच्या शेजारच्या वाळवा तालुक्यात येऊन पोचते. सुरुवात मुंबईपासून करूया.

कुर्ल्यातला नावेद शेख शाळेत होता तेव्हा जमैकाच्या शॉन पॉलचं 'टेम्परेचर' त्याच्या कानावर पडलं. बोल सुसाट, उच्चार परके. पोरानं ते पाठ केलं आणि मग स्वतःचं लिहायला बसला. वडिलांनी दिलेला एक आयपॅड घरात होता. इंटरनेटवरून तयार ताल उतरवून घेतला, त्यावर आवाज नोंदवला, मित्रांना घेऊन वस्तीतच चित्रण केलं आणि जोडणीही त्याच आयपॅडवर उरकली. जानेवारी २०१४ मध्ये 'आफत' यूट्यूबवर आलं. पाठीशी कंपनी नव्हती, जाहिरात नव्हती. त्याच वर्षी दिशा रिंदानी यांनी या मुलावर माहितीपट केला. त्याचं नाव 'बॉम्बे ७०', म्हणजे कुर्ल्याच्या पिनकोडचे शेवटचे दोन आकडे. नावेद आता 'नेझी' झाला होता.

तिकडं अंधेरीत विवियन फर्नांडिस नावाचा मुलगा वर्गमित्राच्या टी-शर्टवर छापलेल्या फिफ्टी सेंट या अमेरिकन रॅपरच्या चित्रामुळं रॅपकडं वळला होता. तो 'डिवाइन' या नावानं गाऊ लागला. २०१५ मध्ये दोघांचं एकत्र गाणं आलं, 'मेरे गली में'. ताल दिल्लीच्या सेझ ऑन द बीटचा.

या गाण्याच्या नावापाशी जरा थांबायला हवं. गली स्त्रीलिंगी. व्याकरणानं 'मेरी गली में' व्हायला पाहिजे. हिंदीच्या परीक्षेत कुणी असं लिहिलं असतं तर खाली लाल रेघ आली असती. पण मुंबईच्या नाक्यावर, जिथं हिंदीत मराठीही मिसळते आणि दखनीही, तिथं लोक 'मेरे गली में' असंच म्हणतात. दोघांनी ते तसंच ठेवलं. ते सुधारलं असतं तर गाणं त्या गल्लीचं उरलं नसतं. ऐकणाऱ्याला पहिल्या तीन शब्दांतच कळतं, हा माणूस कुठला आहे. गाजलेल्या रॅपमधली सगळ्यांत अवघड कमाई ती हीच.

बाकीची मेहनत मोजता येते. चार ठोक्यांचा एक 'बार' आणि साधारण सोळा बारांचं एक कडवं. शब्द लिहितानाच श्वास कुठं घ्यायचा ते ठरवावं लागतं, नाहीतर बाराव्या बाराला दम संपतो. यमक ओळीच्या शेवटीच येतं असंही नाही, ते मध्येच कुठंतरी दबा धरून असतं. डफावर थाप पडताना शाहीर ओळीत शब्द ठासून भरतो आणि झीलकरी 'जी जी' करून त्याला श्वास घ्यायला उसंत देतात. रॅपमध्येही मागं एक जण उभा असतो, शेवटचा शब्द उचलून धरायला. त्याला 'हाइप मॅन' म्हणतात. पलूसच्या माणसाला हे नव्यानं शिकवायला नको.

पुढं झोया अख्तर यांचा 'गली बॉय' चित्रपट १४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला आणि त्यात घेतलेलं 'मेरे गली में' देशभर पोचलं. पडद्यावर रणवीर सिंग होता. पण श्रेयनामावलीत गीतकार म्हणून डिवाइन आणि नेझी यांची नावं राहिली, संगीतात सेझचं नाव राहिलं. मोठ्या यंत्रणेच्या हातात गाणं गेलं तरी लिहिणारे पुसले गेले नाहीत. हे आपोआप होत नाही. रॅपच्या पहिल्याच गाजलेल्या गाण्यात ते झालं नव्हतं.

तो १९७९ चा काळ. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात अंगणातल्या, तळघरातल्या नाचगाण्यांत तबकडीच्या तालावर यमकं जुळवत बोलण्याची कला सहा वर्षं रुजत होती. पण ती तबकडीवर आली नव्हती. शेजारच्या न्यू जर्सी राज्यात सिल्व्हिया रॉबिन्सन नावाची गायिका स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी चालवायची. ही कला तबकडीवर आणायची असं तिच्या मनानं घेतलं. एंगलवूड गावात पिझ्झाच्या दुकानात काम करणारा हेन्री जॅक्सन तिच्या मुलाला सापडला. दुकानाबाहेर गाडीतच त्याची परीक्षा झाली. आणखी दोन पोरं तिथंच पुढं आली, आणि तिनं तिघांनाही घेतलं. गटाचं नाव पडलं शुगरहिल गँग.

त्या वर्षी 'शिक' या वाद्यवृंदाचं 'गुड टाइम्स' गाजत होतं. त्याचाच ठेका स्टुडिओतल्या वादकांनी न थांबता जवळपास पंधरा मिनिटं वाजवला. बेस गिटार वाजवणारा चिप शिअरिन सतरा वर्षांचा होता. पुढं त्यानं सांगितलं त्याप्रमाणं, त्या कामाचे त्याला ७० डॉलर मिळाले. तिघांनी त्या ठेक्यावर आळीपाळीनं बोल म्हटले. सप्टेंबर १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट' बाजारात आलं. लांबी साडेचौदा मिनिटं. रेडिओवर तीन-चार मिनिटांची गाणी लावण्याचा रिवाज असताना लोक ही लांबलचक तबकडी मागू लागले. अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' या संगीत नियतकालिकाच्या 'हॉट हंड्रेड' यादीत ते ३६ व्या क्रमांकावर गेलं. पहिल्या चाळिसांत आलेलं हे पहिलं रॅप गाणं. ब्रिटनमध्ये तर तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं.

आता त्यातल्या एका कडव्याची गोष्ट. हेन्री जॅक्सन, म्हणजे 'बिग बँक हँक', हा मुळात लिहिणारा नव्हता. ब्राँक्समधल्या ग्रँडमास्टर कॅझ या कलावंताचं काम तो बघायचा. तबकडी करायची ठरल्यावर त्यानं कॅझची वही घेतली आणि त्यातले बोल म्हटले. कॅझचं आधीचं टोपणनाव होतं 'कॅसानोव्हा फ्लाय'. त्या काळच्या रिवाजाप्रमाणं त्यानं आपल्या बोलांत स्वतःच्या नावाची अक्षरं एकेक करून गुंफली होती. हँकनं तीही जशीच्या तशी म्हटली. जगभर गाजलेल्या त्या तबकडीत आजही एक माणूस दुसऱ्याच माणसाच्या नावाची अक्षरं 'हा मी' म्हणून सांगतोय. कॅझला ना श्रेय मिळालं, ना पैसा. 'शिक'चे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी मात्र कायद्याचा बडगा दाखवला आणि त्यांची नावं गाण्यावर आली. एकाच गाण्यात ठेका देणाऱ्याला न्याय मिळाला आणि शब्द देणारा राहून गेला.

कॅझनं जे केलं त्याला आपल्याकडं शब्द आहे: नाममुद्रा. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी १८६६ साली जन्मले आणि लावणीकार 'पठ्ठे बापूराव' म्हणून अख्ख्या महाराष्ट्राला माहीत झाले. लावणीच्या अखेरीस त्यांच्यासारखा कवी स्वतःचं नाव गुंफतो, तीच ही नाममुद्रा. जुन्या काळी छापखाना नाही, करारपत्र नाही, लावणी तोंडोतोंडी गावोगाव चाललेली. अशा वेळी ओळीतच नाव विणून टाकलं की गाणाऱ्याला ते गाळता येत नाही. गाळलं तर यमक मोडतं आणि ताल तुटतो. आपल्या शाहिरांची ही व्यवस्था किती शहाणपणाची होती! तरीही बापूराव १९४५ साली विपन्नावस्थेत गेले. नाव राहिलं, पैसा पोचला नाही. मुद्रेनं श्रेय टिकतं, पोट भरत नाही, हेही त्यांच्याच आयुष्यात दिसतं.

गाणाऱ्यांच्या वाट्यालाही हे आलंय. लता मंगेशकरांच्या बालपणातली काही वर्षं आपल्या सांगलीत गेली. १९४९ च्या 'महल' चित्रपटातलं त्यांचं गाणं तुफान गाजलं तेव्हा तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं! आवाज कुणाचा, अशी श्रोत्यांनी रेडिओकडं विचारणा केली, तेव्हा कुठं खरं नाव लोकांपुढं आलं. हे काम श्रोत्यांनी केलं, हे विसरू नका.

श्रेयाकडं दुर्लक्ष झालं तरी गाण्यांच्या क्रमवारीचं वेड मात्र आपल्याला नवं नाही. ३ डिसेंबर १९५२ पासून अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' रेडिओ सिलोनवरून सुरू झाली आणि कुठलं गाणं कितव्या पायरीवर, यावर पुढं घराघरांत पैजा लागू लागल्या. आता मोजणी यंत्रं करतात. बिलबोर्डनं भारतातल्या गाण्यांची स्वतंत्र यादी फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू केली. आणि शुगरहिल गँग ज्या यादीत ३६ व्या जागेवर थांबली, तिथंच २०२४ मध्ये केरळात जन्मलेल्या हनुमानकाइंड या रॅपरचं 'बिग डॉग्ज' २३ व्या जागी पोचलं. त्याचं चित्रण कुठं झालं? केरळातल्याच पोन्नानीत, जत्रेतल्या 'मौत का कुआँ'त. धोंडीराज महाराजांच्या यात्रेत फिरलेल्या पोरांना ती फळ्यांची विहीर आणि तिचा थरकाप वेगळा सांगायला नको. संगीत कल्मीचं, दिग्दर्शन बिजॉय शेट्टी यांचं. इंग्रजीत गायलेलं गाणं अमेरिकेनं ऐकलं, पण डोळ्यांत भरली ती आपल्याकडची जत्रा.

मराठीचं म्हणाल, तर त्याच २०२४ सालात जळगावजवळच्या धानवडच्या संजू राठोडची 'गुलाबी साडी' देशभर वाजली. 'क्रेटेक्स' म्हणजे कृणाल घोरपडे आणि श्रेयस सागवेकर यांची 'तांबडी चामडी' तर नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं प्रसिद्ध केली. काटेकोरपणे ही दोन्ही रॅप नव्हेत, ताल नाचाचा आहे. पण मराठी शब्द न बदलता, न गुळगुळीत करता तो ताल पेलू शकतात, हे त्यांनी दाखवलं. मुंबईच्या 'स्वदेशी' गटात एमसी मवाली मराठीत रॅप करतो, आणि आरेच्या जंगलातल्या आदिवासींच्या लढ्यावरच्या त्यांच्या गाण्यात तिथल्याच प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. ही गाणी यादीत वर नसतील, पण मोलानं वरचढ आहेत.

तुमच्यातले काही जण मोबाइलवर तयार ताल विकत घेतात, म्हणून एक हिशेब सांगायलाच हवा. २०१९ मध्ये 'ओल्ड टाउन रोड' हे गाणं सलग १९ आठवडे अमेरिकेच्या यादीत पहिलं होतं. त्याचा ताल गायक लिल नॅस एक्सनं नेदरलँड्समधल्या यंगकिओ या तरुणाकडून ऑनलाइन ३० डॉलरना घेतला होता. त्या तालात 'नाइन इंच नेल्स' या गटाच्या जुन्या संगीताचा तुकडा होता. गाणं चढलं तसा हिशेब झाला आणि सगळ्यांची नावं लागली. कॅझच्या वहीपासून इथपर्यंत यायला चाळीस वर्षं गेली.

आपल्याकडं २०१२ साली कॉपीराइट कायदा बदलला. त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत झगडले. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गाण्याच्या रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकाराचा, हक्क घेणाऱ्या कंपनीच्या बरोबरीचा वाटा ठरला. हा हक्क वारस किंवा हक्कसंस्था यांच्याखेरीज कुणाला लिहून देता येत नाही. उद्या कुणी कंपनी तुमच्यापुढं कागद ठेवून 'सगळे हक्क आमचे' म्हणाली, तर सही करण्याआधी हा कायदा आठवा आणि जाणत्या वकिलाकडून कागद वाचून घ्या. वहीवर तारीख टाका. मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवा. दोघांनी मिळून लिहिलं असेल तर वाटा आधीच कागदावर मांडा. मैत्री गाणं गाजेपर्यंतच सोपी असते.

आणि लिहायचं काय, हा प्रश्न पलूसमध्ये पडू नये. याच तालुक्यातल्या कुंडलच्या शाळेत ग. दि. माडगूळकर शिकले. बालगंधर्वांचं नागठाणे इथलंच. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटली, त्यात माणसं गमावलेली घरं आहेत. द्राक्षाच्या बागेत छाटणीला जाणाऱ्या बाया आहेत, उसाच्या ट्रॅक्टरवरचे ड्रायव्हर आहेत, किर्लोस्करवाडीच्या पाळीला जाणारी माणसं आहेत. 'लगा', 'व्हय', 'कवा' हे शब्द पुण्यामुंबईच्या उच्चारांत रगडून टाकू नका. 'मेरे गली में' काय करून गेलं ते आत्ताच ऐकलंत. औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं, तिथं कृष्णेकाठी कवी कविता वाचतात. तिथल्या कविसंमेलनात पलूसच्या बोलीतला एक रॅप वाचायला मागा.

शेवटची विनंती आजच्या निवेदकांना. पत्रिका छापून झालीय, ती आता बदलता येणार नाही. पण थोड्या वेळानं तो रॅप सुरू होण्याआधी माइकवरून लिहिणाऱ्याचं आणि ताल बांधणाऱ्याचं नाव घ्या. दोघंही याच मंडपात बसलेत. त्यांना उभं करा आणि टाळ्या त्यांच्यासाठी वाजू द्या.